बंद नाक घेऊन ठाण्याला: तीन दिवस, एपीएमसी आणि मामांचा सिगार

निपाणीत वाढलेल्या माणसाला तंबाखूचा वास वेगळा असा येतच नाही, तो हवेतच असतो. माझं माहेर वखारीच्या मागच्या गल्लीत. उन्हात वाळवलेला विडीचा तंबाखू पोत्यांतून यायचा, बायका तोंडाला पदर बांधून तो चाळायच्या, आणि शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच आम्हाला शिंका सुरू व्हायच्या. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हायवे अडवला तेव्हा मी पहिलीत होते. त्या दिवसांतलं एकही भाषण मला आठवत नाही. तापलेल्या डांबराचा आणि भाकरीच्या गठुळ्यांचा वास मात्र आजही आठवतो.

आता मी कांदा-लसूण मसाला करून विकते. म्हणजे पोट नाकावरच चालतं. मसाला किती भाजायचा, कधी उतरवायचा हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. यंदा पावसाआधी शेवटचा घाणा काढायचा होता, त्यासाठी खडा मसाला आणायला वाशीच्या एपीएमसी मार्केटला, म्हणजे तिथल्या घाऊक बाजाराला, जायचं ठरलं. मुक्काम ठाण्याला मामांकडे. मामा बोटीवर चीफ इंजिनिअर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते सिगार ओढतात, महिन्याला दोन. फोनवर दर वेळी एकच सांगायचे, "अगं, एवढं नाक आहे तुझं, एकदा माझ्यासोबत बसून सिगारचा वास घे. पानाच्या गावची तू, तुला कळेल." या वेळी मी हो म्हटलं.

पहिला दिवस, शुक्रवार

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रात्रीच्या बसमध्ये एसीचं झाकण तुटलेलं आणि वाऱ्याचा झोत नेमका माझ्या कपाळावर. क्लीनरने वर्तमानपत्राचा बोळा कोंबून दिला, तो पुण्यापर्यंतही टिकला नाही. सकाळी माजिवड्याला उतरले तेव्हा दोन्ही नाकपुड्या गच्च.

मामींनी गॅलरीतल्या कुंडीतला गवती चहा घालून चहा केला. मी पात चुरगाळून नाकाशी धरली. काही नाही. चहा प्याले तर गरम आणि गोड, बस. मामी म्हणाल्या, "आलं जास्त झालंय का गं?" आलं घातलंय हे मला त्यांनी विचारल्यावर कळलं.

दुपारी मामा मला तहसील कचेरीजवळच्या मामलेदार मिसळीला घेऊन गेले. ही मिसळ खायला लोक लांबून येतात, रांग होतीच. पहिल्या घासाला फरसाण कुरकुरलं, मटकी दाताखाली आली, पण कट कसला, वाटण कसलं, काही लागेना. जाळ मात्र लागला! डोळ्यांतून पाणी, कानशिलं गरम. नाक बंद असताना बाकी सगळं गेलं आणि तिखट तेवढं शाबूत कसं राहिलं, हे मला कोडंच होतं. मामा म्हणाले, "तिखट ही चवही नाही आणि वासही नाही. ती आग आहे. चटका लागला की कळवणारी चेहऱ्याची नस वेगळी असते, तिला नाक बंद असल्याचं काही पडलेलं नसतं." बोटीचं इंजिन समजावून सांगावं तसं त्यांनी पानाच्या कागदावर पेनाने नाक, घसा, जीभ काढून दाखवलं. तो कागद मी जपून आणलाय.

*जाणाऱ्यांसाठी: मामलेदारला तिखट सांगून कमी करून मिळतं. तसं सांगण्यात काही कमीपणा नाही. सोबत ताक घ्याच.*

संध्याकाळी गॅलरीत बसलो. मामांचं घर उपवन तलावाच्या बाजूला, समोर येऊरचा डोंगर. मामींचा नियम पक्का: गॅलरीचं दार बंद, पडदा आत. मामांनी पेटी आणली. तिला ह्युमिडॉर म्हणतात. आतून फिकट लालसर लाकूड, झाकणात ओलावा मोजायचा काटा, तो ६८ वर. सिगारला ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो. कमी झाला तर पान तडकतं आणि वासाचं तेल उडून जातं, जास्त झाला तर बुरशी धरते. ठाण्यात मेपासून हवाच इतकी दमट असते की पेटीत ओलावा घालायची वेळ येत नाही, काढावा लागतो. मी लाकडाला देवदार म्हटलं, तर मामांनी दुरुस्त केलं. सगळे सीडर म्हणतात, पण हे झाड देवदाराच्या नात्यातलं नाहीच, कडुनिंबाच्या कुळातलं आहे. मी पेटीत नाक घातलं. काही नाही.

मामांनी निवडलेला सिगार काळपट होता, मदुरो. स्पॅनिशमध्ये मदुरो म्हणजे पिकलेलं. टोक छाटून आधी न पेटवता ओढायला लावलं. कोऱ्या पानाचा वास असा तोंडातून घ्यायचा असतो. मग लांब काडी पेटवली, गंधक जळून जाईपर्यंत थांबले आणि ज्योत पानाला न लावता खालून फिरवत कड शेकली. अगदी वांगं भाजायला घेतो तशी. पेट्रोलचा लायटर त्यांना चालत नाही, त्याचा वास पहिल्या झुरक्यांना लागतो.

मी झुरका घेतला. धूर तोंडात धरला, सोडला. जिभेवर कडू, टाळूला ऊब, ओठांवर किंचित खारट. आणखी दोन घेतले. तेच.

"मामा, खरं सांगू? मला काहीच कळत नाही."

मामांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी सरळ स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि तसाच झुरका घेतला. डोळे मिटून धूर तोंडात घोळवला. "कागद," म्हणाले, नाकात बोलत. "जळका कागद." मग चिमूट सोडली, आणि उरलेला थोडासा धूर नाकातून हळू बाहेर जाऊ दिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. भुवया वर गेल्या, कपाळाच्या आठ्या सुटल्या, जबडा सैल पडला. तोच सिगार, तोच झुरका, मधे फक्त दोन बोटं.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि ते वरणाच्या फोडणीत, मटणाच्या रश्श्यात असतं तसं रुचकर, एवढंच कळतं. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ती घशामागून नाकात चढलेली हवा असते. सिगार ओढणारे धूर छातीत घेतच नाहीत. तोंडात धरतात, बराचसा सोडून देतात आणि चिमूटभर नाकातून काढतात. त्या चिमूटभर धुरासाठी सगळा खटाटोप.

मी माझा सिगार रक्षापात्राच्या कडेला ठेवून दिला. विझवायला चिरडला नाही. चिरडला की घाण वास सुटतो, आपोआप विझू द्यायचा.

*सर्दी असताना सिगार पेटवू नका, पैसा आणि पान दोन्ही वाया. आणि सार्वजनिक जागी पेटवला तर दंड आहे, तलावपाळीवर नाही, स्टेशनवर नाही, हॉटेलातही नाही.*

दुसरा दिवस, शनिवार

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून तुर्भ्याला उतरलो, पुढे रिक्षा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, खिडकीतून कंपन्या आणि मागे पारसिकची रांग. मामा सोबत आले होते. त्यांना मसाला मार्केट बघायचं होतं आणि मला वाटतं, माझं नाक कधी सुटतंय तेही.

मिरचीच्या गाळ्यांच्या रांगेत शिरलो आणि पहिल्या दहा पावलांत ठसका लागला. ब्याडगी, लवंगी, आमच्याकडची संकेश्वरी, पोती उघडी, हमाल पाठीवरून टाकतायत आणि वर लाल धूळ. दोघंही रुमाल धरून खोकत होतो. मी सात-आठ शिंका दिल्या, नाक शिंकरलं, आणि उजवी नाकपुडी फट्कन मोकळी झाली. पहिला वास आला तो मसाल्याचा नव्हताच, गोणपाटाचा. जुन्या, घामट, जरा ओलसर गोणपाटाचा. मी मामांचा हात धरला आणि म्हटलं, "वास आला!" शेजारचा हमाल हसला. इथे वास आला म्हणून आनंद झालेलं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं असणार.

मग मी जी सुटले! लवंग, दालचिनी, जायपत्री, मसाला वेलची, शहाजिरं, नागकेशर. दगडफूल कोरडं हुंगलं तर नुसती जुन्या भिंतीची ओल, ते तेलात गेल्यावर बोलतं. मामांनी खेळच लावला. मी डोळे मिटायचे, ते तळहातावर काहीतरी ठेवणार. दोन चुकले. जायपत्री आणि जायफळ एकाच फळातली, तरी अदलाबदल झाली याचं मला वाईट वाटलं. जायपत्रीवाले शेठ पिढीजात धंद्यातले, त्यांनी शिकवलं ते असं: नाक मालात खुपसायचं नाही, चार बोटं लांब धरून कुत्र्यासारखे छोटे छोटे श्वास घ्यायचे. तीन-चार वास झाले की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. आपल्या अंगाचा वास नाकाला सवयीचा, तिथे ते बसतं आणि विसावतं.

मामा म्हणाले, सिगारच्या वासाला लोक नावं देतात ती इथलीच. मिरी, दालचिनी, कॉफी, कोको, लाकूड, चामडं, पेंढा, माती. पानात कुणी मिरी घालत नाही. पान वखारीत सावलीत महिना-दीड महिना वाळतं, मग ढीग लावून ओलसर ठेवलं की आतून तापायला लागतं, आंबतं, अमोनिया सुटून जातो, आणि उग्रपणा जाऊन हे वास तयार होतात. "म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यासारखं नाही, आपल्या लोणच्यासारखं," मी म्हटलं. त्यांना ते पटलं. झाडाच्या वरच्या टोकाची पानं उन्हं खाऊन दणकट होतात, खालची हलकी असतात आणि जळायला चांगली. आत ही मिसळण, भोवती बांधायचं पान आणि सगळ्यांवर देखणं रॅपर. त्यातल्या कुठल्या पानाला किती जागा द्यायची, यातच गुंडाळणाऱ्याची अक्कल. माझा मसाला तरी दुसरं काय असतं?

हळकुंडांच्या गाळ्यात खरा धक्का बसला. एक हळकुंड शेठनी मोडून दाखवलं, आत टाचणीएवढी भोकं आणि तपकिरी बारका किडा. माझ्या ओळखीचा, दरवर्षी पावसाळ्यात जीव खातो. मामा एकदम वाकले. "हा इथे कसा? हा माझा किडा आहे!" तंबाखूत पडणारा किडा आणि हळदीत, मिरचीत, धण्यात पडणारा किडा हा एकच. सिगारला तो वरून असाच टाचणीएवढा आरपार भोक पाडतो, मग झुरक्याबरोबर त्यातून हवा येते आणि वास जातो. मामा नवीन आणलेले सिगार दुहेरी पिशवीत बांधून आधी फ्रीझरमध्ये ठेवतात, मग खालच्या कप्प्यात, मग पेटीत. मी त्या दिवशी हळद घेतली नाही, आणि घरी येऊन माझा साठाही दुहेरी पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवला.

परतताना फळबाजारात शिरलो. कोकणचा हापूस संपत आला होता. रिकाम्या पेट्यांतला पेंढा बाहेर पसरलेला. मामांनी मूठभर उचलून माझ्या नाकाशी धरला. "फिकट पानाचा सिगार असा लागतो." कोरडा, गोडसर, आंब्याची पुसटशी आठवण असलेला पेंढा. ते वाक्य पाठ करावं लागलं नाही, नाकात बसलं.

*एपीएमसीला शक्यतो सकाळी जा, रविवारी जाऊ नका. मसाला मार्केट घाऊक आहे, पण काही गाळ्यांवर किलो-अर्धा किलो देतात, विचारायला लाजू नका. मिरचीच्या रांगेत मास्क हवाच, दम्याच्या माणसाने तर तिकडे फिरकूच नये. जायपत्री घेताना तुकडा वाकवून बघा, तेल असेल तर पटकन चुरा होत नाही.*

तिसरा दिवस, रविवार

सकाळी ऐरोलीला खाडीवर गेलो, भरतीची वेळ बघून. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. मे सरत आला की बरेचसे पक्षी निघून जातात, तरी पन्नास-साठ होते, फिकट गुलाबी, चिखलात माना उलट्या घालून. सोबतची मुलं पक्षी मोजत होती, मी खाडी हुंगत होते. तिवरांच्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास असतो, गाळातल्या जिवाणूंचं काम. लोक नाक धरतात. मला तो दोन दिवसांच्या उपासानंतर मिळालेल्या घासासारखा वाटला. त्यात मीठ होतं, शेवाळ होतं, बोटीचं डिझेल होतं, आणि हे सगळं मला वेगवेगळं कळत होतं.

*बोट भरती-ओहोटीवर सुटते, आधी वेळ विचारून नाव नोंदवा. फ्लेमिंगो बघायला डिसेंबर ते एप्रिल बरा.*

जेवून झोपलो. चारच्या सुमाराला येऊरवर काळं आलं आणि वळीव कोसळला. अर्धा तासच, पण पन्हाळीतून धो धो. मातीचा वास गॅलरीतून आत घुसला तेव्हा मामी म्हणाल्या, "हा वास बाटलीत भरून ठेवावा." कनौजचे अत्तरवाले भरतातच. मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते आपल्या नाकाला इतक्या कणभरही कळतं की पाऊस लांब कुठे पडला तरी आपण मान वर करतो. बीटाला मातीचा वास येतो तोही त्याचाच.

पाऊस थांबला, हवा भिजलेली, वारा पडलेला. मामा म्हणाले, "आता." तोच काळपट मदुरो, त्याच पेटीतला दुसरा.

पेटी उघडली आणि मी मागे सरले. परवा जिथे काहीच नव्हतं तिथे जुन्या कपाटाचा खण होता. आजीचा, लग्नाच्या साड्यांचा, ज्यात तिने डिंकाचे लाडू लपवलेले असायचे. सिगार नुसता नाकाखालून फिरवला: काकवी. टोक छाटून न पेटवता ओढला: मनुका, आणि मागे गोठ्याची पुसट आठवण. तो गोठा मला आवडला.

पेटवला. पहिल्या झुरक्याचा धूर तोंडात धरला, बराचसा सोडला, तोंड मिटलं आणि राहिलेला नाकातून जाऊ दिला. आधी मिरीचा चटका, डोळ्यांत पाणी. परवाच्या मिसळीची तीच नस. मग चटका ओसरला आणि त्याच्या मागून कॉफी आली. दुधाची नाही, बियांची, भाजता भाजता काळी पडलेली. मामा घड्याळ बघत होते. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई केली की पान तापतं आणि वास करपतो. कढईसारखंच, आच मोठी केली की मसाला गेला. मध्यावर आल्यावर भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आला. आणि एकदा, एकाच झुरक्याला, जायपत्री. मी ओरडलेच. मामांना ती लागली नाही. दोघांची नाकं सारखी नसतात. वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही आपल्यात असतात आणि प्रत्येकाच्या नाकात त्यांची घडण थोडी निराळी. ते ग्राही शोधल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं, हे मी घरी येऊन वाचलं. त्या संध्याकाळी मला एवढंच माहीत होतं की जायपत्री होती.

तेवढ्यात बंद दाराआडून मामींचा आवाज: "आज काळा पेटवलाय ना? कॉफीसारखा वासाचा?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मामींनी आयुष्यात सिगारला हात लावलेला नाही. मी दार उघडून विचारलं तर त्या स्वयंपाकघरातून भाजी चिरता चिरता सांगू लागल्या. फिकट सिगार असला की ओल्या गवताचा वास येतो, त्या दिवशी मामा लवकर आत येतात. डोमिनिकन रिपब्लिकच्या बंदरातून, रिओ हाइनाहून, मामांनी एकदा सिगारचा डबा आणला होता त्याला लाकडाच्या वखारीचा वास होता. एक अगदी वाईट होता, अमोनियाचा, "गाईच्या मुतासारखा", तो पान नीट पिकलेलं नसताना गुंडाळलेला असणार, असं मामांनी आता, इतक्या वर्षांनी ओळखलं. ओढणाऱ्याच्या नाकात जातो तो वास वेगळा आणि खोलीत पसरतो तो वेगळा. दुसरा वास घरातल्या माणसालाच माहीत. पेटी घेऊन मामा आत जाऊन बसले आणि मामी एकेक सिगार हुंगून सांगत राहिल्या. गॅलरीत मी आणि विझत आलेला सिगार. शेवटचा तिसरा हिस्सा कडू आणि गरम होत जातो, मी तो तसाच सोडला.

*येऊरला फिरायला गेलात तर एक लक्षात ठेवा, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे काडीसुद्धा पेटवायची नाही.*

रात्री परतीची बस. खारघरवरून जाताना टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्राचा विचार मनात आला. धूर छातीत न घेताही सिगारने तोंडाचा, घशाचा कॅन्सर होतो. मामांना हे माहीत आहे म्हणूनच महिन्याला दोन. माझ्यापुरतं म्हणाल तर मला ओढायचा नाही, हुंगायचा आहे. मामांनी रॅपर तडकलेला एक सिगार मला कागदात बांधून दिला होता.

निपाणीला उतरल्यावर तो घेऊन मी आधी वखारीतल्या आक्कांकडे गेले. चाळीस वर्षं तंबाखू चाळलेली बाई. आता गुडघे दुखतात म्हणून दारात बसून असते. मी सिगार उलगडून आतलं पान त्यांच्या हातात दिलं, कुठलं ते सांगितलं नाही. त्यांनी बोटांनी शीर चाचपली, तळहातावर चुरगाळून नाकाशी नेलं.

"ढिगात तापलेला पाला हाय ह्यो," म्हणाल्या. "आपला न्हवं."

मग पुन्हा नाकाशी नेलं, जरा जास्त वेळ.

"आन् ह्येला काकवीचा वास कुठनं आला गं?"